नहेरकाठची सर्वांची वाट

नोव्हेंबर सरत आला की चलथाणच्या बाजूनं वास यायला लागतो. साखर कारखान्याचं धुराडं पेटलेलं असतं, उसानं लादलेले ट्रॅक्टर हायवेवरून झुलत चाललेले असतात आणि शिजणाऱ्या रसाचा, ओल्या चिपाडाचा, जरासा आंबूस वास बसच्या खिडकीतून आत येतो. शेजारची बाई हमखास म्हणते, "केवो मीठो वास आवे छे, नै?" किती गोड वास येतोय, नाही? मी मान हलवते. तिला काय सांगणार? हातातली पिशवी मी उगाच घट्ट धरते. लोकांना त्या वासानं गूळ आठवतो, लहानपण आठवतं, रसवंती आठवते. मला एक लोखंडी दांड्याचा दरवाजा आठवतो.

राग शिळा होतो म्हणतात. माझा झाला नाही. दर हंगामाला तो ताजा होऊन येतो, आणि खरं सांगायचं तर मला तो जायला नकोच आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कडोदऱ्याच्या एका पॉवरलूम कारखान्यात होते. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. मी चालायला लागले तेव्हाच ते सुरतेच्या वाटेला लागले आणि मागोमाग माय मला घेऊन आली. लूमवर काम करणारी माणसं घरीसुद्धा ओरडून बोलतात, दिवसभर त्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय झालेली असते. अण्णांचं उलटं होतं. कारखान्यात ते हाताच्या खुणांनी बोलायचे आणि घरी इतकं हळू, की माय स्टोव्ह बारीक करून त्यांचं म्हणणं ऐकायची. त्यांच्या तोंडून शिवी कधी ऐकली नाही. दारू नाही, तंबाखू मात्र होती. एवढंच त्यांचं सांगण्यासारखं.

त्या वर्षी पाऊस संपता संपता ते तुटलेला धागा बांधायला वाकले आणि वाकलेले उठलेच नाहीत. कापडाचे तागे वाहून नेतात त्या हातगाडीवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. लकवा. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू. घरी आणलं तेव्हा ते 'हां', 'नही', 'पानी' एवढंच बोलायचे आणि तेही तोंडातल्या तोंडात कालवल्यासारखं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "गोळ्या अर्धं काम करतील. अर्धं काम चालण्याचं. सपाट जमिनीवर, मोकळ्या हवेत, रोज. झोपून राहू देऊ नका, नाहीतर पाय कायमचा गेला समजा."

सपाट जमिनीवर! मी कडोदऱ्याच्या त्या खोलीच्या दारात उभी राहून सपाट जमीन शोधली. दारासमोर उघडं गटार, गटारावर फरशीचा तुकडा, पुढे सायकली, पाण्याची पिंपं, लूमच्या कारखान्यांच्या भिंती आणि त्यांच्यामधून जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. पलीकडे हायवे. सुरतेत प्लेग येऊन गेल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. शहर घासूनपुसून लख्ख झालेलं. रस्ते रुंद झाले, फूटपाथ आले, लोक दुरून बघायला यायचे म्हणे. पण ते शहरात. आम्ही हद्दीबाहेरचे. आमच्याकडे ताग्याला जायला वाट होती, सुताच्या बीमला जायला वाट होती, कोळशाला होती. ज्याला एक पाऊल टाकायला दोन माणसांचा आधार लागतो, त्याला नव्हती. पहिल्याच दिवशी अण्णांचा पाय त्या फरशीच्या कडेवरून घसरला आणि ते गटारात बसले. मायनं त्यांना धुऊन काढलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी तेव्हा एका दुकानात साड्यांच्या छपाईची डिझाइनं ट्रेस करायचे. कोयरी, वेल, मोर, पुन्हा कोयरी. अक्षरही बरं होतं, त्यामुळे आमच्या दुकानाकडे पाट्या रंगवायचं काम आलं की ते माझ्याकडे यायचं. त्याच दिवाळीनंतर एका हॉटेलच्या पाट्यांचं काम आलं.

हे हॉटेल हायवेपासून आत, उसाच्या रानात, नहेरीच्या काठाला नवीनच झालं होतं. नहेर म्हणजे कालवा. आमच्या गावाकडे पाट म्हणतात. आमच्या वसाहतीच्या मागून सायकल काढली तर ते काही लांब नव्हतं. हिवाळ्यात विलायतेतून, आफ्रिकेतून आपापल्या गावी येणारी इकडची मंडळी, त्यांच्या लग्नकार्यांतले पाहुणे, शांतता हवी म्हणून येणारे शहरातले शेठ, असे लोक तिथे उतरायचे. मॅनेजर तरुण होता, गोरा, गोड बोलणारा. त्यानं मला टेबलावर कागद पसरून समजावलं की हॉटेलच्या भोवती चालायच्या तीन वाटा केल्यात. लाल वाट दमदार लोकांसाठी, उसाच्या बांधांवरून खाडीपर्यंत. पिवळी त्याहून सोपी, आमराईतून. आणि हिरवी वाट नहेरीच्या काठानं, एकदम सपाट, मुरूम दाबून बसवलेली, एका बाजूला बांबूचा कठडा, थोड्या थोड्या अंतरावर बाकं. म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारातून उठलेले, व्हीलचेअरवरचे, कोणीही जाऊ शकेल अशी.

"हिरव्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचं," तो म्हणाला, "सौने माटे. हिंदीत आणि इंग्रजीतपण."

सौने माटे. सर्वांसाठी.

मला त्या माणसाबद्दल केवढा आदर वाटला! ज्याला पाय उचलत नाही त्याचा विचार करून कोणी मुरूम दाबतं, कठडा बांधतं, दमल्यावर बसायला बाक ठेवतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मी ती पाटी कधी रंगवली नसेल अशी रंगवली. पाटी लावायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "साहेब, माझ्या वडलांना लकवा झालाय. डॉक्टरनं चालायला सांगितलंय. सकाळी आणलं तर चालेल?"

"केम नै? लावो ने," तो हसून म्हणाला. आणा की.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ती हिरवी वाट हॉटेलनं काही आकाशातून आणली नव्हती. नहेरीच्या काठची ती जुनी गाडवाट होती. हॉटेल नव्हतं तेव्हापासून बैलगाड्या त्याच वाटेनं जात होत्या, गावातल्या बाया धुणं घेऊन त्याच वाटेनं जात होत्या. हॉटेलनं तिच्यावर मुरूम टाकला, कठडा बांधला आणि माझ्याकडून पाटी रंगवून घेतली. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी नुसती आनंदात होते.

सकाळी मी अण्णांना सायकलच्या कॅरिअरवर बसवायचे. माय एका बाजूनं त्यांना धरायची आणि मी सायकल ढकलत न्यायचे. नहेरीवर धुकं उतरलेलं असायचं. पाण्याच्या कडेला बगळे एका पायावर उभे. उसाला तुरे आलेले, त्यांच्यावर दव, आणि पलीकडच्या शेतातून कोयत्याचा सपसप आवाज. ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या होत्या. नहेरीच्या पल्याड त्यांचा पडाव होता, बांबू आणि चटयांच्या खोपटांचा. पाचट जाळलेल्या शेतांवरून काळी भुकटी उडत यायची आणि मायच्या धुतलेल्या पातळावर बसायची. कठड्याच्या सुरुवातीला सायकल उभी करून आम्ही अण्णांचा डावा हात बांबूवर ठेवायचो. मग ते चालायचे.

चालायचे म्हणजे काय? डावा पाय पुढे, मग उजवा फरपटत त्याच्या शेजारी. मुरमावर त्या पायाची एक लांब रेघ उठायची. पहिल्या बाकापर्यंत पोचलो की तिघंही घामाघूम. पण काही दिवसांनी ते त्या बाकाच्या पुढे गेले. मग आणखी पुढे, जांभळीच्या झाडापर्यंत. ती रेघ मधे मधे तुटायला लागली, म्हणजे पाय जरासा उचलला जात होता. मायनं ते आधी पाहिलं. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनीच जमिनीकडे दाखवलं. बोलली नाही, दृष्ट लागेल म्हणून.

तिथेच बा भेटल्या. हॉटेलातल्या एक म्हाताऱ्या गुजराती बाई, विलायतेहून मुलासोबत हिवाळ्यासाठी आलेल्या. सगळे त्यांना बा म्हणायचे, म्हणून आम्हीही. व्हीलचेअरवर असायच्या, मांडीवर जाड शाल, पायांत लोकरी मोजे. एक आया त्यांना ढकलत आणायची. पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली आणि अण्णांना चालताना एकटक पाहिलं. मला वाटलं आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "भाई, हुं तो चालती नथी. तमे मारा भागनुं पण चालो."

माझ्या वाटचंही तुम्हीच चाला. अण्णांच्या वाकड्या तोंडावर हसू आलं. आजारानंतरचं पहिलं.

मग रोजचंच झालं. बा खुर्ची घेऊन पुढच्या बाकाजवळ थांबायच्या आणि अण्णा येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. "आव्या, आव्या!" म्हणून टाळी वाजवायच्या. अण्णांच्या तोंडाच्या कडेनं लाळ यायची, ती त्या स्वतःच्या रुमालानं पुसायच्या. आया तोंड वाकडं करायची. बा त्यांना आपल्या गावच्या गोष्टी सांगायच्या, अण्णा 'हां' म्हणायचे. टोळीतली सुंदरबाई नावाची एक बाई डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा घेऊन समोरून यायची. नवापूरकडची होती. ती ओरडून म्हणायची, "बाबा, आज पार इथवर? उद्या कोयता देते हातात!" आणि अण्णा चक्क खांदे हलवून हसायचे. माझ्या वडलांना मी त्या वाटेवर जेवढं हसताना पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी तिथे दरवाजा होता.

वाटेच्या तोंडाशी दोन खांब रोवलेले, मधे लोखंडी दांड्यांचा दरवाजा, पलीकडे खुर्ची टाकून वॉचमन. मी रंगवलेली पाटी दरवाजाच्या आत. वॉचमन म्हणाला, "आगे नहीं जाना है. साहब ने मना किया है."

मला वाटलं, त्याला माहीत नाही. मी म्हटलं, "आम्ही रोजचे आहोत. साहेबांना विचार."

"साहब ने आपका ही बोला है," तो म्हणाला. त्यालाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं.

आम्ही अण्णांना परत सायकलवर बसवलं. घरी आणलं. दुपारी मी दुकानातून निघून सरळ मॅनेजरकडे गेले. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्याच्या त्या चांगुलपणाचाच मला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

"जुओ बेन," तो म्हणाला, "मला काही नाही. पण गेस्टची तक्रार आली. लाळ, तो रुमाल, ते सगळं... प्लेगनंतर बाहेरून येणारे लोक घाबरतात. लूमच्या वसाहतीतून कोण येतं, काय घेऊन येतं, त्यांना भीती वाटते."

"लकवा लागत नाही कोणाला."

"मला माहीत आहे. त्यांना कोण समजावणार?"

"तुम्ही समजवायचं. पाटीवर काय आहे? सौने माटे. मीच रंगवलंय."

तो हसला. खरोखर दया आल्यासारखा हसला. "सौ एटले आपणा सौ, बेन. हॉटेलमां जे उतरे ए सौ."

सर्व म्हणजे आपले सर्व. हॉटेलात उतरतील ते सर्व.

मी उठले. दारातून मागे वळून विचारलं, "तक्रार कोणाची? बांची?" तो म्हणाला, "ना ना. एमना दीकरानी." त्यांच्या मुलाची.

आज इतक्या वर्षांनी मी त्या वाक्यावर विचार करते तेव्हा वाटतं, हाकलून देणाऱ्यापेक्षा हा प्रकार वाईट. हाकलणारा निदान 'तुमच्यासाठी नाही' असं तोंडावर म्हणतो. इथे शब्द आमचा घेतला, सर्वांचा, त्याला हिरवा रंग दिला, आणि मग आतून त्याला कडी घातली. पुढच्या आयुष्यात मी हा 'सर्व' ठिकठिकाणी पाहिला. बागेच्या फाटकावर पाहिला, दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला, शाळेच्या फलकावर पाहिला. दिसला की मी आधी वॉचमन कुठे बसलाय ते बघते.

अण्णा परत भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचा पाय पुन्हा ताठ व्हायला लागला. मायनं तेल चोळलं, गल्लीत दोन पिंपांच्या मधे धरून उभं केलं, पण त्यांनी पाऊल टाकायचंच सोडलं. सुंदरबाई एकदा पडावाला तेलमीठ न्यायला बाजारात आली होती, ती मला भेटली. म्हणाली, "ती चाकावरची म्हातारी विचारत होती तुझ्या बापाचं. त्या लोकांनी तिला सांगितलं, ते गावाला निघून गेले म्हणून."

हे मी घरी येऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. माझी माय कधी कोणाशी भांडलेली बाई नव्हे. किराण्याच्या दुकानातसुद्धा आपला नंबर येईपर्यंत मागे उभी राहणारी. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, भाजून खाली उतरवली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "गावले गयात म्हणे! जित्ता माणूसले गावले धाडी दिन्हं त्यासनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अण्णांना धुतलेला सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि मला म्हणाली, "सायकल काढ."

"कुठे?"

"तठेच."

थंडी होती. नहेरीवरून वाफ निघत होती. आम्ही दरवाजापाशी पोचलो. वॉचमन उठून उभा राहिला आणि तेच वाक्य म्हणाला. मायनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं अण्णांना उतरवलं, त्यांचा डावा हात दरवाजाच्या दांड्यावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. "उभा राहा," ती त्यांना म्हणाली. अण्णा उभे राहिले. वॉचमननं एका पोऱ्याला आत पिटाळलं आणि थोड्या वेळात मॅनेजर आला, स्वेटर घालत घालत.

"बेन, आ शुं?" तो मला म्हणाला. "समजवा ने आईला. सकाळी सकाळी तमाशा कशाला?"

"तो माणूस शे, ढोर नही," माय म्हणाली. "चालू द्या त्याले."

आणि तेव्हा अण्णा बोलले. आजारानंतर तीन शब्दांपलीकडे न गेलेला तो माणूस. आधी नुसता घशातून आवाज आला. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. मी घाबरले, म्हटलं परत झटका येतो की काय. मग एकेक शब्द, मधे श्वास घेत, पण स्वच्छ आला.

"हाऊ... रस्ता... कोना शे?"

हा रस्ता कोणाचा आहे? जन्मभर हळू बोललेल्या माणसाचा तो आवाज बगळे उडतील एवढा मोठा होता. माय तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मॅनेजरनं मला विचारलं, "शुं कहे छे?"

मी सांगितलं.

त्यानं खांदे उडवले. "रस्तो गमे तेनो होय," तो म्हणाला, "झांपो अमारो छे." रस्ता कोणाचाही असो, दरवाजा आमचा आहे.

यापुढे मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. माझा हात सायकलच्या पंपावर गेला होता एवढं आठवतं. पण मागून घुंगरांचा आवाज आला. नहेरीकाठच्या शेताची तोड त्या दिवशी सुरू झाली होती आणि उसानं भरलेल्या गाड्या त्या जुन्या गाडवाटेनं कारखान्याकडे निघाल्या होत्या. पहिल्या गाडीवर सुंदरबाईचा नवरा, ती गाडीच्या बाजूनं चालत. बैल दरवाजाशी येऊन थांबले. मागे दुसरी गाडी, तिच्या मागे तिसरी. थोड्या वेळात नहेरीच्या वळणापर्यंत गाड्याच गाड्या. वॉचमन मॅनेजरकडे बघायला लागला.

"दुसऱ्या वाटेनं न्या," मॅनेजर ओरडला.

"दुसरी वाट तुझ्या बापानं बांधली का?" सुंदरबाई तिकडून ओरडली. "बैल काय नहेरीतून पोहत नेऊ?"

मॅनेजर ऐकेना. गाड्या हटेनात. अण्णा दांडा धरून उभेच. तेवढ्यात शेताचे मालक बुलेटवरून आले. त्यांनी गाडी बंदसुद्धा केली नाही. "शेरडी सुकाय छे ने तमे झांपो मारीने बेठा छो?" त्यांनी दरडावलं. ऊस वाळतोय आणि तुम्ही दरवाजा लावून बसलात!

मॅनेजरचा चेहरा बदलला. तो हसला, हात जोडले, "सॉरी काका, सॉरी," म्हणाला आणि स्वतः जाऊन कडी काढली. वॉचमनला नाही सांगितलं. स्वतः काढली.

दरवाजा उघडला. माझे वडील त्याला धरून उभे होते, तेव्हा नाही उघडला. एका माणसानं सगळा जीव गोळा करून प्रश्न विचारला, तेव्हा नाही उघडला. उसासाठी उघडला. ऊस वाळला तर वजन घटतं. माणसाचा पाय वाळला तर कोणाचं काय घटतं?

मायनं डोळे पुसले. "चाला," ती म्हणाली. पहिल्या गाडीच्या मागून तिनं अण्णांना आत घेतलं. बैलांच्या शेणातून, उसाच्या पडलेल्या कांड्यांतून आम्ही तिघं चाललो. मॅनेजर त्या शेतमालक काकांची समजूत काढत होता. त्यानं पाहिलं की नाही कोण जाणे. वॉचमन मुद्दाम नहेरीकडे बघत राहिला.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते इथे टाळ्या वाजवतात. थांबा, पुढचं ऐका. दरवाजा त्यानंतर उघडाच राहिला. काकांनी दम भरला होता. पण दोनच दिवसांत कठड्याचे बांबू उपटून नेले. बाकं उचलून नेली. पाटीही नेली. मी विचारायला गेले तर उत्तर तयार होतं. रस्ता सगळ्यांचा ना? मग जा की. कठडा हॉटेलचा, बाकं हॉटेलची. गेस्टांसाठी आत लॉनवर नवी वाट करतोय. गाड्यांच्या चाकांनी मुरमाला चाकोऱ्या पडल्या आणि बांची व्हीलचेअरही त्या वाटेवर येईनाशी झाली. आमच्यावरचा राग त्यांनी त्यांच्याच म्हातारीवर काढला.

मायनं कठड्याची जागा घेतली. "हात ठेवा मन्हा खांदावर," ती म्हणायची, "हयूहयू." अण्णांच्या हाताचं ओझं तिच्या डाव्या खांद्यावर एवढं पडायचं की तिथल्या चोळीचं कापड विरलं. चाकोरीत पाय अडकायचा, पडायचे, उठायचे. दमले की मातीतच बसायचे. अख्खा हंगाम ते असे चालले.

बा एकदाच आल्या. दरवाजाच्या खांबापर्यंत आयेनं कशीबशी खुर्ची आणली. पुढे चाकोऱ्या होत्या. अण्णा पलीकडून येत होते. बांनी त्यांना पाहिलं. "मने खोटुं कह्युं," त्या मला म्हणाल्या. मला खोटं सांगितलं. "मारा पेटना दीकराए." माझ्या पोटच्या पोरानं. अण्णा त्यांच्यापर्यंत चालत गेले, मायचा खांदा सोडून, शेवटची काही पावलं एकट्यानं. त्यांनी वाकून बांच्या पायांना डावा हात लावला. आयेनं इकडेतिकडे बघत खुर्ची वळवली. होळीच्या आधीच त्या परत गेल्या असं नंतर कळलं.

मागच्या हिवाळ्यात मी त्या बाजूला गेले होते. तिथे आता बंगल्यांची सोसायटी आहे. नहेरीच्या त्या तुकड्यावर काँक्रीटचं झाकण घातलंय आणि त्याच्यावर जॉगिंग ट्रॅक केलाय, सोसायटीच्या भिंतीच्या आत. वॉचमननं विचारलं, "कोने मळवुं छे?" कोणाला भेटायचंय? मी म्हटलं, कोणाला नाही. माझेही गुडघे आता दुखतात. मला सपाट जमीन हवी होती. भिंतीवरून आत दिसलं, एकही माणूस चालत नव्हता.

पण अण्णांचं सांगायचं राहिलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते एकटे बाजारापर्यंत जायला लागले. काठी घेऊन, पाय जरा ओढत, पण एकटे. बोलणंही बरंच परत आलं होतं. एका संध्याकाळी आम्ही तिघं कडोदऱ्याच्या चौकात भाजी घेत होतो. एक स्कूटर आमच्यापाशी येऊन थांबली. मॅनेजर होता. त्यानं अण्णांना आपादमस्तक पाहिलं आणि त्याला मनापासून आनंद झाला. खरंच झाला, मी त्याचा चेहरा पाहिला.

"अरे वाह, काका! तमे तो दोडता थई गया!" तो म्हणाला. तुम्ही तर धावायलाच लागलात. मग माझ्याकडे वळून, "जोयुं ने बेन? अमारा ट्रॅकनो फायदो थयो ने?"

आमच्या ट्रॅकचा फायदा झाला ना. त्याला उत्तर हवं होतं. तो हसत, एक पाय जमिनीवर टेकून, स्कूटर चालू ठेवून वाट बघत होता. माझ्या तोंडात बरंच काही आलं. मायनं माझं मनगट धरलं.

अण्णांना आता बोलता येत होतं. ते बोलले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं, त्याच्याकडे पाठ केली आणि काठी टेकत चालायला लागले. डावा पाय, काठी, उजवा पाय. चौकातून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. भाजीवाल्यांनी टोपल्या सरकवून त्यांना वाट दिली. एक रिक्षा त्यांच्यासाठी थांबून राहिली. मॅनेजरला निघता येईना आणि थांबताही येईना. त्याचं हसू आधी आखडलं, मग गेलं. अण्णा एकदाही थांबले नाहीत आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते दिसेनासे होईपर्यंत माय आणि मी त्या माणसाशेजारी उभ्या राहिलो, आणि त्याला पाहायला लावलं.